इंग्रजीतला 'हार्ड' कुठे कुठल्या अर्थाने आलाय, हे कसं ओळखायचं

हार्ड म्हणजे कठीण, एवढं पाठ करून आपण शाळेतून बाहेर पडतो आणि मग हार्ड वॉटर, हार्ड एव्हिडन्स, हार्ड विंटर असलं काही वाचलं की गाडी अडते. डिक्शनरीतली लांबलचक यादी पाठ करत बसू नका, खालच्या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा अर्थ लागतो.

१. आधी पुढचं नाम बघा. चेअर, रॉक अशी हाताला लागणारी वस्तू असेल तर टणक. क्वेश्चन, एक्झाम असेल तर अवघड. विंटर असेल तर कडाक्याचा, लाइफ असेल तर खडतर, एव्हिडन्स असेल तर ठोस.

२. तरी अडलं तर उलटा शब्द लावून बघा, इझी बसतो का सॉफ्ट? मला ही ट्रिक सगळ्यात भारी वाटते. हार्ड वॉटरच्या उलट सॉफ्ट वॉटर, म्हणजे इथे अवघडचा काही संबंधच नाही, पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात म्हणून साबणाला फेस येत नाही, एवढंच. हार्ड कॉपी-सॉफ्ट कॉपी तर सगळ्यांना माहितीय. हार्ड डिस्कचं नाव पडलं कारण आतली चकती कडक असते, फ्लॉपीची लवचिक असायची. उच्चारातही हे चालतं: 'कॅट'मधला सी हार्ड, 'सिटी'मधला सॉफ्ट.

३. माणसाबद्दल असेल तर जरा थांबा. हार्ड वर्कर म्हणजे कष्टाळू, पण 'डोन्ट बी हार्ड ऑन हिम' म्हणजे त्याच्याशी इतकं कडक वागू नको, आणि हार्ड ऑफ हिअरिंग म्हणजे कमी ऐकू येणारा. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे 'आय ॲम हार्ड टु लर्न इंग्लिश'. मराठीत 'मला अवघड जातं' म्हणतो ना, त्या 'मला'चं आपण थेट 'आय' करून टाकतो. बरोबर वाक्य 'इट इज हार्ड फॉर मी टु लर्न इंग्लिश'. मग 'शी इज हार्ड टु प्लीज' कसं चालतं? कारण तिथे खूश तिलाच करायचंय, आणि वरच्या वाक्यात शिकायचंय ते इंग्लिश, 'मी' नाही.

४. शेवटी 'ली' आहे का ते तपासा, इथे भलेभले फसतात. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो मेहनत करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळपास कामच करत नाही. त्यामुळे इंटरव्ह्यूत 'आय हार्डली वर्क' म्हणाल तर संपलं! आणि हार्डलीत नकार आधीच आहे, त्यामुळे सोबत 'नॉट' लावायचा नाही.

५. उरलेले वाकप्रचार तर्काने सुटत नाहीत, सरळ लक्षात ठेवा: हार्ड अप म्हणजे पैशाची चणचण, नो हार्ड फीलिंग्ज म्हणजे मनात राग नाही, आणि हार्ड शोल्डर म्हणजे हायवेच्या कडेची पट्टी, जिथे गाडी बंद पडली तर उभी करतात.