सक्युलंटची मान कापायला शिकताना

माझं पहिलं सक्युलंट (म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं झाड) एचेव्हेरिया. नर्सरीत गुलाबाच्या फुलासारखं गच्च दिसत होतं, घरी आणून टीव्हीशेजारी ठेवलं कारण तिथे भारी दिसायचं. दोन महिन्यांत पानापानात बोटभर अंतर, खोड लांबुडकं, आणि मी खूश की वाढतंय! ते बिचारं उजेड शोधत ताणलं जात होतं. एकदा ताणलेलं खोड नंतर उन्हात ठेवलं तरी आखूड होत नाही, म्हणून वरचं कापून नवीन लावायचं.

पहिला प्रयत्न जुलैत, पुण्याच्या भर पावसात. शेंडा कापला, लगेच ओल्या मातीत खोचला, वर तांब्याभर पाणी. पाचव्या दिवशी खोड काळं, बोट लावलं तर पिचपिचीत. कापलेली जागा ओली असताना मातीत गेली की तिथून सड आत शिरते, आणि या झाडांच्या अंगातच इतकं पाणी असतं की आपण घालायची घाईच नसते.

दुसरा प्रयत्न नोव्हेंबरात. ब्लेड स्पिरिटने पुसून घेतलं, पानांच्या गुच्छाखाली दीड-दोन इंच देठ ठेवून कापलं, खालची चार पानं काढली आणि तो शेंडा सरळ रिकाम्या कपात ठेवून दिला, सावलीत, माती नाही पाणी नाही. आई विचारायची "हे मेलंय का?" सहा दिवसांत कापलेली जागा खपलीसारखी कोरडी कडक झाली. मग निम्मी जाड वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात नुसतं टेकवलं. कुंडीला भोक हवंच, चहाच्या सुंदर कपात लावायचा मोह टाळा. साधारण तीन आठवड्यांनी हलकेच ओढून बघितलं तर माती धरून बसलेलं, खाली दोऱ्यासारखी गुलाबी मुळं! तेव्हा कुठे पहिलं नीट पाणी, आणि पुढचं पाणी माती पूर्ण सुकल्यावरच.

काढलेली पानं टाकू नका पण त्यांच्यावर भिस्तही ठेवू नका. पान डावीउजवीकडे हलवत बुडापासून अख्खं निघालं तरच त्याला कोंब येतो, अर्ध्यात तुटलेलं वाया. माझ्या चारातल्या एकालाच आला. जेड या दुसऱ्या सक्युलंटचं पानही रुजतं, पण फांदी लावली की लवकर हाताशी येतं, नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. एओनियम या आणखी एका सक्युलंटचं मात्र नुसतं पान लावून काही होत नाही, त्याला खोडाचा तुकडाच लागतो.

आणि ते उरलेलं बोडकं खोड? मी फेकायलाच निघाले होते. कंटाळा आला म्हणून गॅलरीत सकाळच्या उन्हात तसंच पडलं, महिन्याभराने बघते तर पानं गळलेल्या खुणांच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढे तीन कोंब. आता ते रुपयाएवढे झालेत. अजून कापलेले नाहीत, त्यांनाही स्वतःचं थोडं देठ येऊ दे.