गंगेच्या काठाने जुने नाशिक पायी कसे पाहावे

नाशिककर गोदावरीला गोदावरी क्वचितच म्हणतात. ते ‘गंगेवर’ जातात. जुने नाशिक पाहायला आलेल्या प्रवाशानेही आधी गंगेवरच जावे आणि पांडवलेणी, सोमेश्वर ही लांबची ठिकाणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. येथे सुचवलेली वाट तीनएक किलोमीटरचीच आहे, पण चढउतार, गर्दी आणि थांबत थांबत पाहणे लक्षात घेऊन तिला चार तास द्यावेत.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की नाशिकरोड स्थानक जुन्या गावापासून बरेच दूर आहे. तेथून बस किंवा रिक्षाने रविवार कारंजापर्यंत यावे आणि मग वाहन सोडून द्यावे. देवळांपाशी वारंवार काढावी लागतील आणि ओल्या घाटावर घसरणार नाहीत अशीच पादत्राणे घालावीत. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघणे उत्तम. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. ज्यांना देवळांचे दगडी काम निवांत पाहायचे आहे त्यांनी तो दिवस टाळावा, आणि ज्यांना गाव पाहायचे आहे त्यांनी मुद्दाम तोच निवडावा.

पहिला मुक्काम सुंदरनारायण. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेले हे देऊळ पूर्वाभिमुख असल्याने त्याच्या दगडावर सकाळचे ऊन थेट पडते, आणि लवकर निघण्याचे हेही एक कारण आहे. तेथून अहिल्यादेवी होळकर पुलावर यावे आणि पलीकडे जाण्यापूर्वी मधोमध थांबून खाली पाहावे. एका हाताला जुने नाशिक, दुसऱ्या हाताला पंचवटी, आणि मधल्या पात्रात एकामागून एक बांधलेली कुंडे, असा सगळा नकाशा येथून उलगडतो. पूर्वेकडे वाहणारी नदी रामकुंडाजवळ दक्षिणेकडे वळते, तेही येथूनच ध्यानात येते.

रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि श्राद्धविधी अखंड चालू असतात. विधीला बसलेली माणसे दुःखात असतात. त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. वरच्या बाजूला पायऱ्या चढून गेल्यावर कपालेश्वराचे देऊळ लागते. शंकरासमोर नंदी नसलेले देऊळ म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि नंदी का नाही याची कथा तेथे कोणीही आनंदाने सांगते.

तेथून चढण चढत काळारामाकडे जावे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या पाषाणात उभारलेल्या या देवळाला पुरेसा वेळ द्यावा. बाहेरून प्रदक्षिणा घालताना दगडांचे सांधे न्याहाळावेत, ओवऱ्यांत थोडे बसावे, आणि महाद्वारापाशी आल्यावर हेही आठवावे की अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना या देवळात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. केवळ दर्शन घेऊन परतणाऱ्याचे काळाराम मंदिर अर्धेच पाहून होते. जवळच्या सीतागुंफेत शिरण्यासाठी वाकून, जवळजवळ बसून पुढे सरकावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि कोंदट जागेची भीती वाटणाऱ्यांनी ती बाहेरूनच पाहावी.

आता पुन्हा नदीकडे उतरावे, कारण या वाटेतला माझ्या मते सर्वांत वाचनीय भाग पुढेच आहे. काठावरच नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये ते बांधले. दर्शनी तटावर टांगलेली मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयातून आलेली असल्याचे सांगतात. पुराचे पाणी या घंटेला लागले की ती वाजे, असेही जुने लोक सांगतात. पात्रातच उभा असलेला शेंदरी दुतोंड्या मारुती हे गावाचे दुसरे पूरमापक. पावसाळ्यात ‘पाणी किती आहे?’ या प्रश्नाचे उत्तर येथे फुटांत नव्हे, तर मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला किंवा छातीला असे मिळते. जुलै ते सप्टेंबर या काळात येणाऱ्यांनी गंगापूर धरणातून किती विसर्ग चालू आहे हे सकाळीच विचारून घ्यावे आणि पाणी चढत असेल तर घाटावर उतरूच नये.

पाणी कमी असेल तर पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जावे आणि अरुंद बोळांतून सराफ बाजाराकडे चढावे. येथील भांडी बाजार आणि जुनी तांबट लेन ही नावेच तेथले जुने व्यवसाय सांगतात. तिवंधा चौकासारख्या ठिकाणी पायांखालच्या जमिनीत पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाचा हौद, फळ्या आणि मातीखाली झाकलेला असतो. तो रंगपंचमीलाच उघडतात. एरवी आपण त्यावरून चालून जातो आणि कळतही नाही.

शेवटी सराफ बाजारातील सरकारवाड्यापाशी यावे. या पेशवेकालीन वाड्याच्या पायऱ्या हे तिसरे पूरमापक. महापुरात किती पायऱ्या बुडाल्या यावर त्या पुराची थोरवी ठरते. १९६९ चा पूर पाहिलेले एखादे आजोबा बाजारात भेटले, तर पाणी कोठवर आले होते ते त्यांना अवश्य विचारावे. मग सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहून नुकतीच चढून आलेली वाट नदीपर्यंत डोळ्यांनी मोजून पाहावी.