रायफलचा ग्रुप पसरतोय? आधी बॅरलचं तोंड नीट बघा

ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागला की आपण आधी गोळ्या बदलतो, मग स्कोपवर संशय घेतो, मग स्वतःच्या ट्रिगर दाबण्यावर. बॅरलच्या तोंडाकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जातं, कधीकधी तर जातच नाही. गोळीला रायफलचा शेवटचा स्पर्श तिथेच होतो, त्यामुळे त्या शेवटच्या कडेला, म्हणजे क्राउनला, मी तरी खूप मानतो.

नेमकं होतं काय ते आधी बघू. गोळी रायफलिंगमधून, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा-उंचवट्यांमधून, गरगर फिरत पुढे येते, तिच्या मागे प्रचंड दाबाचा गॅस असतो. गोळीचा मागचा काठ बॅरलमधून सुटला रे सुटला की हा गॅस तिच्या चारी बाजूंनी बाहेर फुटतो आणि क्षणभर तिच्याही पुढे जातो. क्राउनची कड गोल, स्वच्छ आणि बोअरला (बॅरलच्या आतल्या भोकाला) बरोबर काटकोनात असेल तर धक्का सगळीकडून सारखा बसतो. एका बाजूला टवका उडालेला असेल तर गॅस तिथून आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला एका अंगाने ढकलतो. उडी मारताना एका पायाखालची कड ढासळली की माणूस जसा वाकडा पडतो, तसंच. मग गोळी डुगडुगत निघते, स्वतःच्या फिरकीने ती पुढे सावरतेही, पण दिशा जी हलायची ती हललेली असते.

आता कोणी म्हणेल, टवका तर रोज त्याच जागी आहे, मग झिरो केलं, म्हणजे गोळी लागते तिथे स्कोपचा नेम जुळवला, की झालं ना. थोडंफार खरंय, त्या चुकीचा काही भाग झिरो करताना निघून जातो. पण प्रत्येक गोळीचं बूड अगदी सारखं नसतं, दाबही दरवेळी थोडा कमीजास्त असतो, त्यामुळे धक्काही दरवेळी वेगळा बसतो आणि ग्रुप पसरतो.

क्राउनचे आकार बरेच आहेत. शिकारीच्या आणि लष्करी रायफलींवर बहुतेक गोलसर कड असते, टार्गेट रायफलवर कड आत खोलगट घेतलेली असते म्हणजे बाहेरून ठोकर लागली तरी आतली कड वाचते, आणि बेंचरेस्टवाल्यांमध्ये (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणाऱ्यांमध्ये) ११ अंशांचा क्राउन चालतो. कोणता कोन भारी यावर लोक तासन्‌तास भांडतात, माझं मत स्पष्ट आहे की कोनापेक्षा कड सगळीकडे सारखी आणि बोअरशी एककेंद्री असणं कितीतरी जास्त महत्त्वाचं. बाहेरच्या गोलाईवर ओरखडा असेल तर तो दिसायला वाईट, बाकी काही नाही. रायफलिंग जिथे संपते ती कड शाबूत पाहिजे.

तपासायचं कसं? सगळ्यात आधी रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) डोळ्याने बघा आणि बोट घालूनही खात्री करा. हे झाल्याशिवाय तोंडासमोर डोळा न्यायचा नाही, इथे कुठलीही सूट नाही. एअर रायफल असेल तर कॉक केलेली नाही आणि आत पेलेट (छर्रा) नाही हे बघा.

मग क्राउनवरची काजळी सॉल्व्हंटने पुसा, टॉर्च तिरकी धरा आणि १० पटींच्या भिंगातून रायफलिंगच्या प्रत्येक उंचवट्याचं टोक एकेक करून बघा. सगळी टोकं सारखी तीक्ष्ण दिसली पाहिजेत, एखादं चपटं किंवा चमकणारं दिसलं तर तिथे थांबा. पुढे कापसाचा इअरबड घ्या, तोंडातून किंचित आत घालून कडेवरून बाहेरच्या दिशेने हलकेच ओढा, असं गोल फिरत सगळीकडून करा. कुठे कापसाचा धागा अडकून राहिला तर तिथे बर आहे, म्हणजे धातूचा बारीक काटा उचललाय. डोळ्याला न दिसणारा काटाही कापूस पकडतो.

फायरआर्म असेल तर काजळीचा नक्षाही बघता येतो. क्राउन पुसून थोडे शॉट मारा, रायफल परत रिकामी करा, मग बघा. बऱ्याच बॅरलवर खाचांच्या समोर काजळीचे किरण उमटून चांदणीसारखा आकार येतो. किरण सारखे असतील तर उत्तम, एकच लांबलचक किंवा फिसकटलेला असेल तर त्या बाजूची कड परत भिंगाखाली घ्या. हा फक्त इशारा समजा, पुरावा नाही.

एअर रायफलमध्ये दाब कमी असला तरी पेलेटचा मागचा स्कर्ट (पोकळ घेर) पातळ आणि मऊ शिशाचा असतो, त्यामुळे छोटासा काटाही त्याला ओरबाडतो. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे हे अंगाशी येतं. पुढे एअर स्ट्रिपर (पेलेटमागची हवा बाजूला वळवणारा भाग) असेल तर त्याच्या कोनावर शिसं साचतं तेही अधूनमधून पुसत जा.

क्राउन खराब होतो तो बहुतेक साफसफाईतच, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तोंडाकडून रॉड घातला की तो रोज त्याच कडेला घासतो, जोडाचा स्टीलचा रॉड तर फारच वाईट. शक्य असेल तिथे मागून, बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून, अखंड रॉडने साफ करा, पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) पुढून बाहेर पडला की रॉड सावकाश मागे घ्या. एम१ गॅरंडसारख्या रायफली रचनेमुळे पुढूनच साफ कराव्या लागतात, तिथे मझल गाइड (तोंडावर बसून रॉड कडेपासून दूर ठेवणारा भाग) लावल्याशिवाय रॉड आत घालू नका. आणि रायफल तोंडावर उभी टेकवून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

मझल ब्रेक (झटका कमी करायला तोंडावर लावतात तो भाग) लावला असेल तर तो घट्ट आहे ना, भोक बोअरच्या बरोबर मध्ये आहे ना आणि आत गोळी घासल्याची चकचकीत खूण नाही ना हे बघा. खूण दिसली तर ब्रेक नीट बसेपर्यंत शूट करू नका. ब्रेक काढून शूट करून बघितलं तर पॉइंट ऑफ इम्पॅक्ट (गोळी लागते ती जागा) हलणारच, कारण टोकाचं वजन बदललं की बॅरलची थरथर बदलते. म्हणून तुलना करताना ग्रुप कुठे पडला ते सोडा, केवढा पडला ते बघा.

क्राउनवर ठपका ठेवण्याआधी ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू आणि स्कोप माउंट तपासा, मग टेकू घेऊन, एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्यांनी, ५ शॉटचे निदान ४-५ ग्रुप मारा. एका ग्रुपवरून काहीच कळत नाही. क्राउनच खराब निघाला तर घरी कानस किंवा ड्रिल लावू नका, गनस्मिथकडे द्या. तो लेथवर टोकाची थोडी धातू काढून नवीन क्राउन करतो. त्याला एक गोष्ट नक्की विचारा, की बॅरल बोअरवरून सेंटर करणार की बाहेरच्या गोलाईवरून. उत्तर बोअर असंच आलं पाहिजे, कारण भोक आणि बाहेरची गोलाई नेहमी एककेंद्री असतेच असं नाही. काम झाल्यावर परत झिरो करा आणि त्याच लॉटने तेवढेच ग्रुप परत मारा. फरक पडला नाही तर पुढचा नंबर बेडिंगचा (ॲक्शन दस्त्यात कशी बसलीय त्याचा) आणि चेंबरच्या पुढे रायफलिंग सुरू होते त्या भागाच्या झिजेचा.