तेराव्या स्तोत्राच्या आधाराने वैयक्तिक प्रार्थना कशी करावी

प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नाहीत, किंवा सुचतात ते रोजचेच असतात, ही तक्रार नियमाने प्रार्थना करणारी माणसेही करतात. घरच्यांची नावे घेऊन होतात, आजाऱ्यांसाठी मागून होते, आभार मानून होतात आणि पाच मिनिटांत ‘आमेन’ म्हणून माणूस उठतो. मनात सलणारी गोष्ट मात्र तशीच राहते, कारण ती देवापुढे कोणत्या शब्दांत मांडावी हे कळत नाही आणि मांडली तर तो अविश्वास ठरेल की काय, अशी धास्तीही असते. अशा वेळी बायबलच्या स्तोत्रसंहितेतील एखादे स्तोत्र पुढ्यात ठेवून, त्याच्या ओळींमागून आपली प्रार्थना नेण्याची रीत फार जुनी आहे. प्रभू येशूने क्रुसावर असताना उच्चारलेला ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा आक्रोश 22 व्या स्तोत्राचा आरंभ आहे, आणि लूककृत शुभवर्तमानात त्याने प्राण सोडताना म्हटलेले शब्द 31 व्या स्तोत्रातले आहेत. चौथ्या शतकात अथनाशियस या बिशपाने मार्सेलिनस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रांना आरशाची उपमा दिली आहे: वाचणाऱ्याला त्यांत आपल्याच मनाची अवस्था दिसते आणि तिथले शब्द तो स्वतःचे म्हणून बोलू शकतो.

कोणते स्तोत्र घ्यावे?

पहिल्याच वेळी 23 वे स्तोत्र घेऊ नये, असे माझे मत आहे. ते बहुतेकांना इतके तोंडपाठ असते की मेंढपाळ, हिरवी कुरणे आणि संथ पाणी हे सगळे ओठांवरून घसरत जाते आणि मन जागचे हलत नाही. 119 वे स्तोत्र 176 वचनांचे आहे. ते नवख्याने हाती घेण्याजोगे नव्हे. 13 वे स्तोत्र मात्र या कामासाठी नेमके आहे. त्यात सहाच वचने आहेत आणि दोन-दोन वचनांचे तीन भाग सहज वेगळे दिसतात: पहिल्यात तक्रार, दुसऱ्यात मागणी, तिसऱ्यात भरवसा. ‘मुख्य गवयासाठी, दाविदाचे स्तोत्र’ एवढेच त्याचे शीर्षक असून ते कोणत्या प्रसंगी रचले गेले याचा उल्लेख नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला स्वतःचा प्रसंग त्यात ठेवायला जागा मिळते. जुन्या लॅटिन क्रमांकाप्रमाणे चालणाऱ्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकांत हेच स्तोत्र 12 वे म्हणून सापडेल, कारण त्या परंपरेत 9 वे आणि 10 वे स्तोत्र एकच धरले जाते.

पहिली पायरी: मोठ्याने आणि सावकाश वाचणे

वीस मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडावी, छापील बायबल घ्यावे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मग सहाही वचने ओठ हलवून, आपल्या कानांना ऐकू येतील अशी तीन वेळा वाचावीत. हिब्रू कवितेची बांधणी यमकावर नसते. एका ओळीत सांगितलेली गोष्ट पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांनी पुन्हा येते आणि तसे येताना थोडी खोल जाते. म्हणून दुसरी ओळ ही पहिलीचीच पुनरुक्ती समजून घाईने ओलांडू नये. ‘विसरणार काय’ असे विचारल्यानंतर ‘मुख लपवणार काय’ असे येते, आणि हे दोन प्रश्न सारखे नाहीत: विसरणे नकळत घडते, तोंड फिरवणे जाणूनबुजून असते. घरात दोन भाषांतरे असतील तर तीही ताडून पाहावीत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले, त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर आणि आजचे प्रचलित भाषांतर शेजारी ठेवले, तर ओळखीचे वाक्यही नव्याने ऐकू येते.

दुसरी पायरी: चार वेळा ‘कोठवर’

पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि या पद्धतीचा सगळा कस इथेच लागतो. पहिले दोन प्रश्न देवाविषयी आहेत: तू मला कोठवर विसरणार, आपले मुख कोठवर लपवणार? तिसरा प्रश्न स्वतःच्या मनाविषयी आहे: दिवसभर दुःख उराशी घेऊन मी मनात कोठवर मसलती करत राहू? चौथा वैऱ्याविषयी आहे: तो कोठवर माझ्यावर वरचढ राहणार? वहीच्या एका पानावर हे चार प्रश्न जागा सोडून लिहावेत आणि प्रत्येकाखाली आपले एकेक खरे वाक्य लिहावे. ते सभ्य नसले तरी चालेल. ‘गेले आठ महिने मी हेच मागत आहे आणि तू गप्प आहेस’ हे वाक्य देवापुढे बोलायला जड जाते, पण स्तोत्रकर्त्याने त्याहून मवाळ काही म्हटलेले नाही.

आपल्याकडच्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. तुकोबांच्या करुणापर अभंगांत देवाशी असाच हक्काने वाद घातलेला आहे, आणि कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते याच भक्तीच्या वाटेने. तरीही आपल्या प्रार्थनासभांमध्ये तक्रारीचा सूर क्वचितच ऐकू येतो. देवापुढे नेहमी हसऱ्या चेहऱ्याने उभे राहायचे असते असा एक समज रुजलेला आहे. स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे मोजायला घेतली, तर हा समज टिकत नाही.

चारांपैकी तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ थांबावे. ‘मनात मसलती करणे’ म्हणजे काय, हे रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. असे बोललो असतो तर, अमुक डॉक्टरांकडे आधीच गेलो असतो तर, उद्या त्यांनी असे विचारले तर, अशी ती बैठक संपतच नाही आणि तिच्यात सल्ला देणाराही आपणच व ऐकणाराही आपणच असतो. या बैठकीतले विषय एकेक करून कागदावर उतरवावेत. प्रार्थना करताना मन भरकटते म्हणून जे आपण बाजूला सारत आलो, तेच इथे प्रार्थनेचा मजकूर होते.

चौथ्या प्रश्नातला वैरी कोण, हे स्तोत्र सांगत नाही. तो एखादा माणूस असू शकेल, आजार असेल, व्यसन असेल, कर्ज असेल. माणूस असल्यास त्याचे नाव मनात घ्यायला हरकत नाही, परंतु एवढे लक्षात ठेवावे की या स्तोत्रात वैऱ्याचे वाटोळे व्हावे अशी मागणी कुठेही नाही. तशी मागणी करणारी स्तोत्रे आहेत आणि त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सुरुवातीला त्यांत पडू नये.

तिसरी पायरी: मागणे, आणि का मागतो ते सांगणे

तिसऱ्या वचनात संबोधन बदलते. पहिल्या वचनात नुसते ‘हे परमेश्वरा’ होते, इथे ‘माझ्या देवा’ हे शब्द जोडले जातात. विसरलास का, असे ज्याला विचारले त्यालाच ‘माझा’ म्हटले आहे. आपल्या प्रार्थनेतही या ठिकाणी क्षणभर थांबून तेवढेच संबोधन म्हणावे. मग तीन मागण्या येतात: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझे डोळे प्रकाशित कर. तिसरी मागणी समजून घेण्यासाठी बायबलमधील 1 शमुवेल या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायातील योनाथानाची गोष्ट वाचावी. लढाईच्या दिवशी उपाशीपोटी थकलेल्या योनाथानाने रानातला मध काठीच्या टोकाने घेऊन चाखला आणि त्याच्या डोळ्यांत तेज आले, असे तिथे लिहिले आहे. डोळे प्रकाशित होणे म्हणजे अंगात पुन्हा त्राण येणे. म्हणून इथे एखादा दिव्य दृष्टान्त मागण्यापेक्षा उद्याचा दिवस उभ्याने काढता येईल एवढे बळ मागावे.

मागण्यांना स्तोत्रकर्ता कारणेही जोडतो: नाहीतर मला मरणाची झोप लागेल, नाहीतर ‘मी याला जिंकले’ असे वैरी म्हणेल, नाहीतर मी ढळलो म्हणून शत्रू आनंद करतील. आपणही ‘मला शांती दे’ एवढ्यावर न थांबता ‘कारण’ हा शब्द लिहून वाक्य पूर्ण करावे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा करणारी मुलगी या दोन वचनांवरून असे म्हणू शकेल: ‘माझ्या देवा, माझ्याकडे पाहा. रात्रीतून चार वेळा उठून माझे अंग मोडून गेले आहे. मला चार तास सलग झोप मिळेल अशी सोय कर, कारण दमल्यावर मी बाबांवर ओरडते आणि मग त्यांचा चेहरा पाहवत नाही. भावाने विचारपूस करावी असे मला वाटते. ते त्याला सांगायचे धैर्य दे, कारण न सांगितल्याने माझ्या मनात कडूपणा साचत आहे.’ अशी प्रार्थना केल्यावर पुष्कळदा स्वतःलाच कळते की आपण कशासाठी रडत होतो.

चौथी पायरी: ‘मी तर’

पाचवे वचन ‘मी तर’ अशा वळणाने सुरू होते आणि सूर एकदम पालटतो. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये काय घडले, ते स्तोत्रात नाही. मंदिरात याजकाने आश्वासनाचे शब्द उच्चारले असावेत आणि त्यानंतर हे वाक्य आले असावे, असा तर्क काही अभ्यासक करतात. आपल्यापुढे मात्र दोन वचनांमधली ती कोरी जागाच आहे, आणि तिथे दोन-तीन मिनिटे काहीही न बोलता बसावे.

त्यानंतर पाचव्या वचनातील ‘दया’ या शब्दाकडे यावे. मूळचा ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द कीव या अर्थाचा नाही. दिलेला शब्द न मोडणाऱ्याची टिकून राहणारी माया असा त्याचा आशय आहे. पुढे सहाव्या वचनात ‘त्याने माझ्यावर उपकार केले आहेत’ असे येते, म्हणजे भरवशाला आधार मागच्या अनुभवाचा आहे. वहीत इथे मागील वर्षांतील एकच प्रसंग लिहावा, ज्यात आपल्याला सांभाळले गेले होते. वर्ष आणि ठिकाण आठवत असेल तर तेही लिहावे. स्तोत्राचा शेवट गाण्यावर आहे, तेव्हा ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातले किंवा आपल्या चर्चमध्ये म्हटले जाणारे एखादे गीत हळू आवाजात म्हणावे. गळा चांगला नसल्याची अडचण इथे मानू नये.

या पायरीवर एक चूक हमखास होते आणि ती मीही पुष्कळ दिवस केली: शेवट गोड आहे हे ठाऊक असल्याने पहिली चार वचने भराभर उरकायची आणि पाचव्याला पोहोचायचे. तसे केले की ‘भरवसा’ हा शब्द नुसता तोंडाने म्हटला जातो. ज्या दिवशी पाचवे वचन प्रामाणिकपणे म्हणवत नाही, त्या दिवशी चौथ्यावर थांबून उठावे. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

किती दिवस करावे?

एकच स्तोत्र सलग सात दिवस घ्यावे. पहिल्या दिवशी लिहिण्यात वेळ जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वहीची गरज कमी होते आणि वचने आपसूक आठवू लागतात, मग लोकलमध्ये उभ्याने किंवा दवाखान्याच्या बाकावरही ‘कोठवर’पासून सुरुवात करता येते. पुढच्या आठवड्यात स्वतःऐवजी दुसऱ्या कोणासाठी हेच स्तोत्र घेऊन ‘मला’च्या जागी त्या व्यक्तीचे नाव ठेवून पाहावे. त्यानंतर मनाच्या स्थितीप्रमाणे दुसरी स्तोत्रे निवडता येतील: चूक डाचत असेल तर 51 वे, आभार मानायचे असतील तर 103 वे, रात्री निजण्यापूर्वी 4 थे, वाट पाहणे लांबले असेल तर 130 वे. 13 व्या स्तोत्राच्या समासात ज्या दिवशी ते पहिल्यांदा म्हटले ती तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी. काही महिन्यांनी पुन्हा त्याच पानाशी याल तेव्हा चार प्रश्नांखालची वाक्ये कदाचित बदललेली असतील. बदलली नसतील, तर पहिल्या वचनापासून पुन्हा सुरुवात करावी.