खानापूरच्या रानात सायकलने निघताय? या चुका टाळा

रविवारी पहाटे राजहंसगड किंवा राकसकोप गाठून नाश्त्याला घरी परतणाऱ्यांना हा लेख नको, त्यांचं उत्तम चाललंय. हा लेख आहे तो मदतीची गाडी मागे न ठेवता, बॅगा सायकलवरच लादून दोन-चार दिवस बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फिरू पाहणाऱ्यांसाठी. मलप्रभेच्या बाजूने जांबोटी-कणकुंबी म्हणा, किंवा नंदगड-हलशीवरून नागरगाळीचं रान. अशा फेऱ्या पायांत जोर कमी पडला म्हणून क्वचितच फसतात. बेत किलोमीटरवर आखलेला असतो, आणि इथे किलोमीटरला कुणी विचारत नाही. पाऊस, पूल, जनावरं आणि रेल्वेची वेळ, यांच्या मर्जीनं चालावं लागतं.

नदीकाठ म्हणजे सपाट रस्ता, असं धरून चालणं

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, साधारण ७९२ मीटर उंचीवर. बेळगाव शहर साडेसातशेच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोक खूश होतात: चढ आहेच कुठे? चढ मधे आहे. कणकुंबी म्हणजे पाणलोटाची कड. इथलं पाणी पूर्वेला वाहत कुडलसंगमला कृष्णेला मिळतं, आणि तिथून थोडं पश्चिमेला पडलेला पाऊस गोव्यात उतरतो. अशा मुलखातला रस्ता दर ओढ्याला खाली उतरतो, मोरी ओलांडतो आणि पुन्हा वर चढतो. एकेक चढ किरकोळ, पण बॅगा लादलेल्या सायकलवर अशा चढांची रांग दुपारपर्यंत मांड्या पार मोडून टाकते.

रेसिंगच्या सायकलचे गिअर इथे अपुरे पडतात. पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं असेल, तर मागचं सर्वांत मोठं चक्रही निदान ३४ चं हवं. त्याहून मोठं असेल तर आणखी बरं. रविवारच्या वेगाच्या निम्मा वेग धरून दिवस आखा.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे चोर्ला घाट. कणकुंबीपर्यंत आलोच आहोत, तर घाट उतरून बघू, असा मोह होतो. उतरताना मजा येते, पण आठशेच्या आसपासच्या उंचीवरून जवळजवळ समुद्रसपाटीला आल्यावर परत वर यायला टेम्पो नसतो. साखळीकडून पुढे गोव्यात मुक्काम असेल तरच उतरा. उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नका, रिम तापते. वळणाआधी जोरात दाबा, वळणात शिरताना सोडा. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारनंतर या रस्त्यावर गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची रीघ असते. अरुंद वळणांवर त्या गर्दीत सायकल घालण्यात काही पराक्रम नाही.

पावसाळ्यात फरशी पुलाशी पैज लावणं

जून ते सप्टेंबर या पट्ट्यात पाऊस पडतो म्हणजे कोसळतो. भीमगडच्या रानातलं आमगाव तर जिल्ह्यात सर्वाधिक पावसासाठी ओळखलं जातं. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातलं मारुतीचं देऊळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातं. ते एकदा पाहिलं की नदी किती चढते याचा अंदाज कुणी सांगावा लागत नाही.

गावागावांना जोडणारे आतले रस्ते बऱ्याच ठिकाणी फरशी पुलांवरून जातात. पाणी वरून वाहत असलं तरी "एवढंसंच तर आहे" असं वाटतं. पण पिंढरीएवढं वाहतं पाणीही चाकांच्या आऱ्यांना ढकलतं, फरशीवर शेवाळ असतं, आणि गढूळ पाण्याखाली कडेचा दगड वाहून गेलाय की आहे हे दिसत नाही. फरशीचा पृष्ठभाग दिसत नसेल तर थांबा. घाटमाथ्यावरच्या ओढ्यांचं पाणी जितक्या लवकर चढतं तितक्या लवकर उतरतंही. पाऊस थांबला तर काही तासांत वाट मोकळी होते. म्हणून पावसाळी बेतात एक दिवस जादा ठेवायचा. तो ठेवणं जमत नसेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. ओढ्यांना पाणी असतं, रान हिरवं असतं, आणि चेनला लाल चिखल लागत नाही.

लाल चिखलाचंही सांगतो. जांभ्या मातीचं पाणी रिम ब्रेकच्या पॅडमध्ये बारीक वाळू भरतं आणि एका ओल्या दिवसात रिमला ओरखडे पडतात. मुक्कामाला पोचल्यावर आंघोळीआधी सायकलवर बादलीभर पाणी ओता, पॅडमधले खडे सुईने टोकरून काढा, चेन फडक्याने कोरडी करून तेलाचे थेंब सोडा आणि जादाचं तेल पुसून टाका. तेल माखून ठेवलेली चेन दुसऱ्या दिवशी दुप्पट माती धरते.

"ट्यूब काय, कुठंही मिळेल"

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो इथेच. खानापूर बाजारात सायकलची ट्यूब मिळते, नाही असं नाही. पण ती कुठल्या सायकलची?

आपल्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३७-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसरा आकडा महत्त्वाचा: टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंची ही हल्लीच्या सायकलींच्या चाकांची मापं, दोन्ही ६२२. दुकानदाराच्या खुंटीवर लटकतात त्या जुन्या दूधवाल्या सायकलींच्या २८ × १½ च्या, म्हणजे ६३५ च्या. "अठ्ठावीसच पाहिजे ना, ही घ्या की" असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. ७००सी ला पण लोक अठ्ठावीसच म्हणतात. ट्यूब रबराची असल्यानं ती ओढूनताणून बसेलही, पण त्या मापाचा टायर तुमच्या रिमवर बसणार नाही.

खरी गंमत ट्यूबच्या तोंडापाशी होते. चांगल्या सायकलींना बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि त्यासाठी रिमला साधारण साडेसहा मिलिमीटरचं भोक पाडलेलं असतं. गावातल्या ट्यूबचा मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह साडेआठ मिलिमीटरचं भोक मागतो. दुकानातला पोरगा तो भोकात घालून बघतो, मग रिम उलटी करून बघतो, मग कानशी शोधायला आत जातो. त्याला तिथेच थांबवा. हायवेच्या दुकानात कॉम्प्रेसर असला तरी त्याची नळी प्रेस्टावर बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर शेंगदाण्याएवढा असतो, तो व्हॉल्व्हवर फिरवला की कुठलाही पंप चालतो. तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

म्हणजे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, पॅचचा डबा आणि हातपंप ही बेतातली पहिली ओळ, कपडे नंतर. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, सांभाळून. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो आणि आतून टोक काढून बसलेला असतो. तो राहिला की नवी ट्यूब कोसभरातच पंक्चर होते, आणि दोष ट्यूबच्या कंपनीला दिला जातो.

आरे तुटतात ते मागच्या चाकाचे, बहुधा चेनच्या बाजूचे, कारण सगळं ओझं मागे टाकलेलं असतं. जड सामान खाली आणि शक्य तेवढं पुढे ठेवा. रबरी दोरीचं टोक लोंबकळू देऊ नका, ते आऱ्यांत गुंतलं की चाक जागेवर थांबतं.

रानात शांतपणे जाणं

हे ऐकायला विचित्र वाटेल. पण सायकल आवाज करत नाही हीच तिची इथली अडचण. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत. अस्वल वारूळ उकरण्यात गढलेलं असतं, त्याला दिसतं कमी, आणि अचानक जवळ कुणी आलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला वळणाआधी घंटी वाजवा, मोठ्यानं बोला. गवे रस्त्यावर दिसले तर उतरून लांब उभे राहा आणि कळप पूर्ण जाऊ द्या. शेवटचं जनावर गेलं असं वाटल्यावर अजून एक येतं. हत्तीही फिरतात. संध्याकाळनंतर या रस्त्यांवर सायकल नकोच. दिवा कितीही भारी असला तरी.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. हेम्माडग्याच्या बाजूने आत जाताना वन खात्याचं नाकं लागतं. आतली गावं, महादयी नदीचा उगम, वटवाघळांच्या बारापेडे गुहा, हे सगळं परवानगीशिवाय बघता येत नाही. "नाक्यावर सांगू काहीतरी" हा बेत नव्हे. आधी खानापूरला वन कार्यालयात विचारा.

आणि पाचोळ्यावर पथारी पसरू नका. नोव्हेंबर ते मे हा गोचिडांचा काळ. शिमोग्याच्या क्यासनूरला १९५७ मध्ये ओळखला गेलेला माकडताप गोचिडांतूनच पसरतो, आणि २०१५-१६ च्या सुमारास तो आपल्या शेजारी गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पोचला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन किंवा आरोग्य खात्याला कळवा. फेरीनंतर आठवडाभरात एकदम जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आपणहून सांगा.

नकाशा बघून वाट ठरवणं, माणसाला न विचारणं

या जिल्ह्यात देगाव दोन आहेत. एक भीमगडच्या रानात, जिथे महादयी उगम पावते. दुसरं कित्तूरजवळ, जिथे गोव्याच्या कदंब राजाची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवलेलं कमल नारायणाचं देऊळ आहे. फोनमध्ये नाव टाकून निघणारा देवळाऐवजी वन खात्याच्या नाक्यावर पोचतो. फोनचा नकाशा जंगलातली पायवाटही रस्ता म्हणून दाखवतो आणि मग रेंज जाते. ऑफलाइन नकाशा घ्या आणि फाट्याचं नाव कागदावर लिहून ठेवा. पाट्या कन्नडमध्ये असतात. अक्षरं येत नसतील तर चार-पाच गावांची नावं कन्नडमधून लिहून घेतलेली बरी.

वाट विचारण्याचीही रीत आहे. "हा रस्ता हलशीला जातो ना?" असं विचारलंत तर पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून "जातो की" असंच उत्तर येईल. "मामा, हलशीला कुठनं जायचं?" असं विचारा. किती लांब हे विचारू नका. "हे काय, जवळच आहे" याचा अर्थ दोन किलोमीटर किंवा दहा.

आणि पोचल्यावर थांबा. हलशीचं भूवराह नरसिंह देऊळ बाहेरून फोटो काढून सोडून देण्याजोगं नाही. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत. ही कदंबांची राजधानी होती. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. त्याला इथेच २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिलं. ही दोन गावं एका दुपारी उरकण्याचा बेत मला पटत नाही. मुक्काम हलशीच्या आसपास ठरवा आणि आधी फोन करून जेवण सांगून ठेवा, कारण आयत्या वेळी भाकरीही मिळेलच असं नाही. रोख पैसे खानापूरलाच काढून घ्या.

रेल्वेचा हिशेब शेवटी करणं

बेळगाव ते खानापूर हायवेवरून सायकल मारण्यात काही अर्थ नाही. रेल्वेने खानापूरला उतरा आणि तिथून सुरुवात करा. पण सायकल डब्यात नेण्याचा भरवसा धरू नका. प्रवाशासोबतच्या बॅगेचं कमाल माप १०० × ६० × २५ सेंमी आहे, त्यात पूर्ण सायकल बसत नाही. ती पार्सल कचेरीत बुक होऊन ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात जाते. गुंजी, इदलहोंडसारख्या छोट्या स्टेशनांवर गाडी मिनिटभर थांबते. तेवढ्यात व्हॅन उघडून सायकल चढवणं होत नाही. लोंढा जंक्शन आहे, तिथे थांबा जास्त, म्हणून परतीचं टोक लोंढ्याला ठेवा.

बुकिंगला गाडीच्या बरंच आधी पोचा. सायकलवर नाव, फोन आणि कुठून-कुठे हे ठळक लिहिलेला पुठ्ठा बांधा, पेडल आत वळवून घट्ट करा, गिअरच्या बाजूला गोणपाट गुंडाळा. ब्रेक व्हॅन गाडीच्या टोकाला असते, मधल्या डब्यासमोर उभे राहिलात तर पळावं लागेल. पावती पाकिटात ठेवा. उतरल्यावर सायकल तीच दाखवून मिळते.