वनस्पतिजन्य संयुगे आणि कर्करोग प्रतिबंध : या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.नंतर नेट वा तत्सम परीक्षेतून फेलोशिप मिळवून जे विद्यार्थी या विषयाकडे वळतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात हळद असते; माझ्याही होती. हळदीतले कर्क्युमिन हे संयुग घातल्यावर प्लेटमधल्या कर्कपेशी मरतात हे खरे आहे. मात्र त्यासाठी प्रयोगशाळेत बहुधा दहा ते पन्नास मायक्रोमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) मात्रा वापरली जाते, आणि माणसाने रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन पोटात घेतले तरी रक्तातली त्याची पातळी जेमतेम दोन मायक्रोमोलरच्या आसपास जाते. मुलाखतीत या तफावतीवर प्रश्न हमखास येतो आणि तयारी नसेल तर भंबेरी उडते.

काम सुरू होते ते वनस्पतीच्या ओळखीपासून. जंगलातून वा बाजारातून आणलेल्या नमुन्याची खातरजमा जाणकार वनस्पतितज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहालयात, जमा करून त्याचा क्रमांक मिळवावा. त्याशिवाय चांगली नियतकालिके शोधनिबंधाला हात लावत नाहीत. पेशीही शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणण्यापेक्षा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून घेतलेल्या बऱ्या, कारण हेला या झपाट्याने वाढणाऱ्या मानवी कर्कपेशींची इतर पेशींत होणारी भेसळ हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे.

पेशी किती जगल्या ते मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत मात्र सावध राहावे. जिवंत पेशींमधले विकर एमटीटी या पिवळ्या रसायनाचे जांभळे फॉर्मॅझन करतात आणि त्या रंगावरून मोजणी होते. वनस्पतीच्या अर्कातली फ्लेव्होनॉइड नावाची संयुगे हेच काम पेशींविना करू शकतात. म्हणून प्लेटच्या एका ओळीत पेशी न घालता केवळ माध्यम, अर्क आणि एमटीटी ठेवावे; तिथेही जांभळा रंग उतरला, तर बाकीच्या ओळींतले आकडे तसेच्या तसे घेता येत नाहीत. हे साधे नियंत्रण नसलेले प्रबंध आजही सापडतात, याचे नवल वाटते.

माणसांवरच्या अभ्यासांत जनुकांचाही संबंध येतो. ब्रोकोलीतल्या ज्या सल्फोराफेन या संयुगावर अमेरिकी औषधशास्त्रज्ञ पॉल टॅलले यांनी काम केले, ते एनआरएफ२ या प्रथिनामार्फत विषनिवारक विकरांची जनुके जागी करते. चीनमधल्या छिदोंग येथे २९१ जणांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचे पेय किंवा नुसते तुलनेचे पेय दिले, तेव्हा पहिल्या गटात बेंझीन या हवेतल्या विषारी प्रदूषकाच्या लघवीवाटे उत्सर्जनाचे प्रमाण ६१ टक्क्यांनी वाढलेले आढळले. परंतु या साखळीतले जीएसटीएम१ हे, एक विषनिवारक विकर घडवणारे, जनुक युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत नसतेच, त्यामुळे सहभागींचा जनुकप्रकार नोंदल्याशिवाय केवळ सरासरीवर विसंबू नये.

फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत गाजरासारख्या भाज्यांत असणारे बीटा-कॅरोटीन पूरक म्हणून घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. ‘वनस्पतीतले आहे, अपाय तरी होणार नाही’ असे प्रस्तावात लिहिणाऱ्याला परीक्षक हाच अभ्यास दाखवतात. प्रयोगशाळा निवडताना तिथे एचपीएलसी (मिश्रणातली संयुगे वेगळी करून मोजणारे यंत्र) आहे का, यासोबतच नकारात्मक निष्कर्ष प्रबंधात लिहू देतात का, हेही तिथल्या वरिष्ठ विद्यार्थ्यांना चहाच्या वेळी विचारून घ्यावे.