वापरलेली क्रूझिंग नौका विकत घेताना सामान आणि वेग कसा तपासावा

शिडाच्या जुन्या क्रूझिंग (लांबच्या सफरीच्या) नौकेच्या जाहिरातीत सामानाची यादी लांबलचक असते: गुंडाळता येणारं जेनोआ (पुढचं मोठं शीड), ऑटोपायलट, रडार, सौर पॅनल, लाइफराफ्ट, दोन नांगर. वाचताना वाटतं, एवढं सगळं आयतं मिळतंय. पण त्या यादीत वस्तूंचं वय नसतं, आणि किंमत ठरवायची ती वयावरूनच. शिवाय यादीतली प्रत्येक वस्तू नौकेच्या वजनात भर घालते, म्हणजे तिच्या चालीवरही परिणाम करते. सामान आणि चाल या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासू नका.

घरबसल्या: यादी आणि आकडे

यादी कागदावर उतरवा आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने आखा: कधी बसवली, शेवटची देखभाल कधी झाली. विक्रेत्याशी बोलून ते भरा आणि पावत्या मागा. ‘बरीच वर्षं झाली, पण अजून छान चालतंय’ असं उत्तर आलं, तर ती वस्तू बदलावी लागणार असं धरूनच हिशेब करा.

मग चालीचा अंदाज बांधा. जाहिरातीत ठळक छापलेली लांबी टोकापासून टोकापर्यंतची असते. वेगाचा संबंध असतो पाण्याला टेकलेल्या लांबीशी. तिचं फुटांतलं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं, की अशा नौकेच्या वेगाची व्यावहारिक मर्यादा नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळते. पाण्यालगत २८ फूट लांबी असेल तर ती साधारण ७.१ नॉट येते. कोणी या नौकेचा नेहमीचा वेग ९ नॉट सांगत असेल, तर प्रवाहाची मदत होती का, हे विचारा.

दुसरा आकडा शिडांचं क्षेत्रफळ आणि वजन यांचा. वजन पौंडांत घेऊन ६४ ने भागा, कारण समुद्राचं एक घनफूट पाणी सुमारे ६४ पौंडांचं असतं. आलेल्या संख्येच्या घनमुळाचा वर्ग करा आणि शिडांच्या चौरस फुटांना त्याने भागा. १५,००० पौंडांच्या नौकेवर ६२० चौरस फूट शिडं असतील तर उत्तर १६.३ येतं. क्रूझिंग नौकांसाठी १५ ते १८ ही नेहमीची पट्टी आहे. त्याखाली गेलं की मंद वाऱ्यात इंजिन लावावं लागतं.

पण हे १५,००० पौंड कारखान्यातून बाहेर पडतानाचे. पाणी, डिझेल, साखळी, जास्तीच्या बॅटऱ्या, सुटे भाग असे २,५०० पौंड चढवले, की तोच आकडा १४.७ वर येतो. वजन कुठे आहे हेही बघा. १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी जवळपास १४० किलोची असते. ती अगदी पुढच्या टोकात असेल तर नौका लाटेत नाक खुपसते आणि वेग गमावते. डोलकाठीवरचं रडार हलकं असलं तरी इतक्या उंचीवर ते नौकेचं डोलणं वाढवतं.

स्थैर्यासाठी एक सोपी चाळणी आहे. फुटांतल्या रुंदीला वर काढलेल्या घनमुळाने भागायचं, आणि उत्तर २ च्या आत असावं. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला, त्यानंतरच्या अभ्यासातून ही चाळणी पुढे आली. खोल समुद्रात जायचं असेल तर ती जरूर लावा, पण तेवढ्यावर विसंबू नका. कील, म्हणजे नौकेला तोलून धरणारा तळाखालचा जड पंखा, किती जड आणि किती खोल आहे, हे तिच्यात येतच नाही.

धक्क्यावर: तारा, डेक, व्हॉल्व्ह

सगळ्यात जास्त वेळ डोलकाठीच्या तारांना द्या. तार तुटली तर डोलकाठीच जाते. स्टेनलेस स्टीलच्या तारा १० ते १५ वर्षांनी बदलतात, आणि अनेक विमा कंपन्या त्या वयाच्या तारांसाठी विमा द्यायला कां-कूं करतात. सुती फडकं तारेवरून अलगद फिरवा. ते जिथे अडकेल तिथे एखादा धागा तुटलेला आहे, आणि एक तुटला तरी ती तार बाद. तारेच्या टोकावर दाबून बसवलेलं फिटिंग भिंगाखाली धरा. उभी केसासारखी चीर किंवा तांबूस ओघळ दिसला तर आत गंज पोचला आहे. मग केबिनमध्ये उतरून चेनप्लेट शोधा. तारांचा सगळा ताण हुलमध्ये (नौकेच्या मुख्य सांगाड्यात) उतरवणाऱ्या या पट्ट्या बऱ्याचदा लाकडी आवरणामागे असतात. डेकमधून जिथे त्या खाली येतात तिथे ओल साचते, आणि हवा न मिळालेलं स्टेनलेस स्टील ओलाव्यात आतून खंगतं. आवरण काढू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर त्या पट्ट्या बदलाव्या लागणार असं समजून बोला.

डेकवर प्लॅस्टिकच्या हातोडीने टकटक करत चला. खणखणीत आवाज चांगला. बद्द आवाज आला तर डेकच्या दोन थरांमध्ये भरलेलं हलकं बाल्सा लाकूड भिजलेलं असण्याची शक्यता आहे. हुलमधून आरपार जाणारे सगळे व्हॉल्व्ह स्वतः उघडून-बंद करून पाहा. पितळी व्हॉल्व्हवर गुलाबी छटा दिसली तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे आणि धातू ठिसूळ झाला आहे. असा व्हॉल्व्ह जोर लावून फिरवू नका. इलेक्ट्रॉनिक उपकरणं फक्त चालू होतात का ते बघा. दहा वर्षं जुन्या चार्टप्लॉटरसाठी (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणाऱ्या उपकरणासाठी) जादा पैसे मोजू नका.

पाण्याबाहेर

नौका उचलून तळ दाखवण्याचा आग्रह धरा, आणि या वेळी स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे नौका तपासणारा तज्ज्ञ, सोबत असू द्या. कील आणि हुल यांच्या सांध्यात भेग किंवा गंजाचे ओघळ दिसले, तर नौका कधी जमिनीला लागली होती का, हे थेट विचारा. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी राफिकी’ या नौकेची कील निखळली आणि चौघं जण गेले. त्या अपघाताच्या ब्रिटिश सरकारी तपासाने, पूर्वी तळ आपटल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे सांधा कमजोर झाला असावा, असं म्हटलं. सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा. त्यात खुळखुळ नसावी. तळावर फोड असतील तर एक फोडायला सांगा. व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं तर ती ऑस्मोसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी झिरपलं आहे. त्याने नौका लगेच बुडत नाही, पण दुरुस्तीला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

समुद्रावर

तुम्ही येण्याआधी इंजिन चालू करू नका, असं आधीच बजावून ठेवा. थंड इंजिन कसं सुरू होतं यावरून बरंच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, किंवा तळावर शेवाळ साचल्याने भार जास्त आहे. पूर्ण आरपीएमवर दहा मिनिटं चालवून तापमानाकडे लक्ष ठेवा.

मग इंजिन बंद करून शिडं चढवा. १२ ते १५ नॉटचा वारा चाचणीसाठी उत्तम. वाऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, कंपासवरची दिशा लिहा, नौका वळवून दुसऱ्या बाजूची दिशा लिहा. दोन्हींतला फरक ९० ते १०० अंश असेल तर ठीक. ११५ च्या पुढे गेला तर शिडं ताणून पोटासारखी फुगली आहेत किंवा तळ घाण आहे. सुकाणू हातात घ्या. ते वाऱ्याकडे किंचित ओढत असावं, तीन ते पाच अंशांइतकं. दोन्ही हातांनी झुंजावं लागत असेल तर आधी शीड कमी करून बघा. तेवढ्याने ओढ गेली तर प्रश्न शिडाचा आहे. नाही गेली तर डोलकाठीचा कल किंवा सुकाणू तपासावं लागेल. परत येताना नांगर टाकून विंडलासने (नांगर ओढणाऱ्या विजेच्या यंत्राने) वर ओढा. बॅटऱ्या थकलेल्या असतील तर विंडलास तिथेच दम सोडतो.

धक्क्यावर आलात की तोच कागद काढा आणि दुसऱ्या रकान्याच्या पुढे तिसरा आखा: बदलायचा खर्च. तारा, शिडं, बॅटऱ्या, लाइफराफ्टची सर्व्हिसिंग, सगळं त्यात लिहा. त्याची बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा करून बोली लावा, आणि सर्व्हेचा अहवाल समाधानकारक असेल तरच व्यवहार पक्का, ही अट लेखी घ्या. ताबा मिळाला की ४०६ मेगाहर्ट्झच्या ईपर्बची (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणाऱ्या उपकरणाची) नोंदणी त्याच दिवशी आपल्या नावावर करा. नाहीतर संकटात शोधपथकाचा फोन जुन्या मालकाला जाईल.